चढापुरती हवा

पाय दाबला आणि काहीच आलं नाही. एरवी त्या वळणाच्या पुढे, जिथे रस्ता डोंगराच्या अंगाला बिलगून एकदम उभा होतो, तिथे गाडीच्या पोटातून एक बारीक शीळ उठायची आणि सीट माझ्या पाठीला येऊन टेकायची. त्या गुरुवारी शीळ उठली, पण सीट टेकली नाही. आवाज होता, जोर नव्हता. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मात्र नको असलेल्या लग्नाला निघाल्यासारखी रेंगाळत होती. आरशात काळा धूर दिसला. मागच्या ट्रकवाल्याने आधी एक छोटा, मग लांबलचक हॉर्न दिला, मला ओलांडताना वाकून आत बघितलं, आणि बाई आहे हे पाहून त्याला सगळ्याचा उलगडा झाल्यासारखं त्याचं तोंड झालं. मी गियर उतरवला, पुन्हा उतरवला. चालत्या माणसाच्या वेगाने आणखी दोन वळणं काढली. पाण्याचा काटा लाल रेषेकडे सरकायला लागला तेव्हा दगडी कठड्याशी थांबले. खाली झाडांचे शेंडे होते, वर आणखी तेवढाच डोंगर होता. स्टिअरिंगवर हात ठेवून मी बसून राहिले. हाताला इंजिनची थरथर लागत होती. तिच्यात काही वेगळं आहे का, हे मी हातानेच ऐकत होते, आणि त्याच वेळी दुसरीकडे कुठेतरी एकच वाक्य तयार होत होतं की आज वर पोचता येणार नाही. मग गाडी वळवली. उतारावर ती अगदी शहाण्यासारखी आली. उतारावर कुणीही शहाणंच असतं.

वर मावशी होती. आईच्या मागे दादाला आणि मला तिनेच वाढवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने नोकरी केली, शेवटची बदली त्या डोंगरावरच्या गावात झाली आणि निवृत्त झाल्यावर ती तिथेच राहिली, औषधांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. गेल्या वर्षाअखेरीला ती पडली. खुब्याचं हाड मोडलं, बसवलं, जुळलं. आता ती घरात काठी घेऊन फिरते, पण जिन्यावर तिला धरावं लागतं. दुकानदार, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘खालचे’ म्हणतो, रोज दोनदा डोकावतात. व्यायाम करून घेणारी बाई त्याच गावात थोडी वर बसते. तिच्याकडे आठवड्यातून एकदा नेऊन आणणं, केस धुणं, सामान भरणं हे माझं काम. बस वर पोचते संध्याकाळी आणि त्याच दिवशी परतत नाही, म्हणून गाडी. दादा दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या घराजवळ एक चांगलं निवासस्थान आहे, तो त्याला कधीही वृद्धाश्रम म्हणत नाही, आणि मावशीने तिथे यावं असं त्याचं मत आहे. कीड लागलेली गोष्ट ठणकायला लागण्याआधी काढावी, हा त्याचा स्वभावच झालाय. बऱ्याच वादानंतर त्याने मला अट घातली होती. तू दर गुरुवारी जात असशील तर मी तोंड उघडणार नाही, पण एक जरी गुरुवार चुकला तर आपण तिला खाली आणायचं. मी हो म्हटलं होतं. आठवड्यांमागून आठवडे गेले, थंडी गेली, धुकं आलं आणि गेलं, आणि मी एकदाही चुकले नव्हते.

उताराच्या पायथ्याशी पेट्रोल पंपावर थांबून तिला फोन लावला. ती कधीही ‘हॅलो’ म्हणत नाही.

“बोला.”

“मावशी, मी. अगं, गाडी चढत नाहीये. परत फिरले.”

“बरं. चालवताना बोलत नाहीयेस ना?”

“नाही, थांबलेय. तुझं जेवण झालं?”

“झालं. खालचे येऊन गेले. ते म्हणतात आज तुमची भाची नाही दिसली. मी म्हटलं, दिसेल.” मग जराशी थांबली. “दादाला कळवलंस?”

“कळवते.”

“तो म्हणेल ते ऐकून घे. लगेच भांडायला उठू नकोस.”

मी ऐकून घेतलं. दादा चिडला नाही. तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. त्याच्या आवाजात पेशंटच्या तोंडात सुई घालतानाचा मऊपणा होता. “मी काय म्हणालो होतो?”

“एकदाच चुकलंय, दादा.”

“मी एकदाच म्हणालो होतो. हे बघ, मला काय आनंद होतोय का? रविवारी मी एक मोठी गाडी करून वर जातो. तिला मागे आडवं होता येईल अशी. तू येतेस बरोबर?”

“मी माझ्या गाडीने येईन.”

“जी चढत नाही तिने?”

मी भाड्याची गाडी घेऊन दुसऱ्याच दिवशी वर जाऊ शकले असते, हे मला कळत होतं. पण दादाचा मुद्दा एका फेरीचा नव्हता. ही जुनी गाडी, मी एकटी, हा रस्ता, यांच्यावर कुणाचं राहणं अवलंबून ठेवता येतं का, हा त्याचा प्रश्न होता. आणि त्याला उत्तर देण्याची मला माहीत असलेली पद्धत एकच होती. काय बिघडलंय ते नेमकं शोधायचं. ‘बहुतेक’ हा शब्द न वापरता सांगता येईल इतकं नेमकं.

माझं काम तेच आहे. एका संशोधन संस्थेत मी निर्वाताची यंत्रं सांभाळते. भांड्यातून हवा काढून टाकायची, जवळजवळ सगळी, आणि मग ती परत आत येऊ द्यायची नाही. हवा येतेच. एखाद्या सांध्यातून, एखाद्या केसाएवढ्या चरेतून, कधी नुसत्या बोटाच्या ठशातून. ती कुठून येते ते मी शोधते. विद्यार्थी मला पाठीमागे गळतीबाई म्हणतात आणि त्यांना वाटतं मला माहीत नाही. गळती शोधायची म्हणजे सगळं शांत करायचं. पंप चालू, बाकी सगळं स्थिर, खोलीत कुणी फिरायचं नाही, आणि मग काट्याकडे बघत बसायचं. इतकी वर्षं मी हे केलंय की कुठलीही गोष्ट समजून घ्यायची म्हणजे आधी तिला स्तब्ध करायचं, असं माझ्या अंगात मुरलंय. माणसांच्या बाबतीतही. भांडण झालं तर मी आधी गप्प होते आणि समोरच्याच्या काट्याकडे बघत राहते. माझ्याबरोबर संसार करणं ज्याला जमलं नाही, तो जाताना हेच म्हणाला होता: तू मला बघतेस, पण माझ्यावर ओरडत नाहीस. त्यातली तक्रार मला तेव्हा कळली नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी गाडी घेऊन नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. आडव्या अंगाचा, दर वाक्यागणिक हात पुसणारा माणूस. त्याने बॉनेट उघडलं, दोनदा इंजिन रेस करून ऐकलं आणि उघडलं तसं बंद केलं. “टर्बो गेला.”

“शीळ येतेय की.”

“शीळ काय, मरायच्या आधी माणूसही घरघर करतो.”

टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. बाहेर जाणारा गरम धूर एकाला फिरवतो, दुसरा त्यामुळे फिरून ताजी हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त तर जोर जास्त. पंखा फिरत होता, म्हणजे हवा कोंबली जात होती. मग ती पोचत का नव्हती? मी हे त्याला म्हटलं. त्याने हात पुसले.

“मॅडम, गाडीचं वय बघा. या वयात माणसाला चढावर धाप लागते की नाही?”

“वय हे कारण नसतं. वय ही तारीख असते.”

“हे एकदा माझ्या बायकोला येऊन सांगा. गुडघा दुखतो म्हटलं की म्हणते, वय झालं. दुसरा गुडघा त्याच वयाचा आहे, तो नाही दुखत.”

“मग? हेच तर म्हणतेय मी.”

तो हसला, आणि बॉनेट पुन्हा उघडलं. मला हवं होतं ते मी बरोबर आणलं होतं: प्रयोगशाळेतला हातपंप, काट्यासकट. टर्बोच्या अंगाला एक डबी असते. एका बारीक नळीतून तिच्यातली हवा ओढली जाते, त्या ओढीने आतली झडप हलते आणि धुराचा झोत पंख्यावर नीट वळतो. म्हणजे निर्वात. म्हणजे माझं घर. मी नळी सोडवली, पंप जोडला, ओढला, आणि काट्याकडे बघत उभी राहिले. काटा पडायला लागला. अगदी सावकाश, पण पडायला लागला. मला जे झालं त्याला आनंदच म्हणायला हवं. नळीचं टोक भिंगाखाली धरलं, तर रबराला कोळ्याच्या धाग्याएवढी चीर. मी प्रयोगशाळेतली नवी नळी मापून कापली आणि बसवली. काटा उभा राहिला तो राहिलाच. मेकॅनिकने मान डोलावली. “सुटलात. टर्बोच्या नावाने आंघोळ करायला निघालो होतो आपण.” मी तिथूनच दादाला फोन करण्यासाठी मोबाईल काढला होता. नंबर लावला नाही, याचं श्रेय मला नाही. हात ग्रीसने माखले होते.

शहराबाहेर पडताना रेल्वेवरून जाणारा एक पूल आहे, त्याचा चढ खडा आहे. तिथे पाय दाबला. शीळ उठली. सीट जागची हलली नाही. पुलाच्या माथ्यावर काळा धूर माझ्या मागे पडदा ओढल्यासारखा लोंबत राहिला, आणि मला आधी राग आला नाही, लाज वाटली. चीर खरी होती, ती बुजवली हेही खरं. पण दोष तो नव्हता. सगळ्या गाडीत मी तेवढीच जागा तपासली होती जिथे मला तपासता येतं. जे हत्यार हातात होतं त्याच्या मापाचा रोग मी शोधला, आणि सापडल्यावर खूश झाले. दादाही असंच करतो, असं मनात आलं. आणि ते मनात आल्याचं मला आवडलं नाही. घरी येऊन दिवा न लावता स्वयंपाकघरात बसले. मावशी वर काय करत असेल? तिने बांधाबांध सुरू केली असेल का? तिला राग आला असेल का, की सुटल्यासारखं वाटलं असेल? हा शेवटचा विचार कुठून आला ते कळेना. मी उठून दिवा लावला आणि कागदावर हवेचा रस्ता काढला. गाळणी, पंखा, तिथून खाली जाणारी रबरी नळी, पुढे हवा थंड करणारी जाळी, वर येणारी दुसरी नळी, इंजिन. पंख्याच्या पुढे जे काही आहे तिथे हवा बाहेरून आत येत नाही, आतून बाहेर ढकलली जाते. माझ्या सगळ्या आयुष्याच्या उलट दिशेने.

शनिवारी सकाळी मी हजर झाले तेव्हा मेकॅनिक शटर वर करत होता. मला बघून त्याने ते अर्ध्यावरच थांबवलं. “मॅडम, ही गाडी आहे. प्रयोगशाळा नाही.”

“कॉम्प्रेसर आहे ना तुमच्याकडे? आणि साबण?”

“आहे. आंघोळ नक्की कुणाची?”

पण त्याने रंगाच्या डब्याचं झाकण कापून हवा आत जाते त्या तोंडाला बूच करून दिलं आणि त्यात टायरच्या ट्यूबचा वाल्व्ह घट्ट बसवला. बंद गाडीत आम्ही बाहेरून हवा भरली. थोडी इंजिनातून निसटणारच होती, ती सोडून बाकीची कुठे जाते ते बघायचं होतं. मी ब्रशने साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला, प्रत्येक क्लिपला लावला. खालच्या बाजूला दिसेना तिथे दादाच्या दवाखान्यातून कधीकाळी उचललेला, तोंडात घालायचा तो छोटा आरसा घातला. फेस तसाच. एक बुडबुडा नाही. पुन्हा हवा, पुन्हा फेस. मेकॅनिक माझ्या खांद्यावरून बघत होता. “घट्ट आहे,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात विजय नव्हता, हे मला जाणवलं. “आता तरी टर्बो म्हणा.”

मी म्हटलं नाही. पण म्हणायच्या अगदी काठावर होते. फेस वाळत चालला होता, नळ्यांवर त्याचे पांढरे पापुद्रे धरत होते. अशा वेळी मी करते तेच केलं, गप्प उभी राहिले. आणि त्या गप्प उभं राहण्यातच काहीतरी खुपायला लागलं. हॉस्पिटलमध्ये मावशीला घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर पलंगाशी आले होते. पाय उचलून बघितला, वाकवला, विचारलं, दुखतं का? नाही, म्हणाली. इथे? नाही. त्यांनी समाधानाने सही केली. मग मी तिला धरून चालवत निघाले, लिफ्टकडे जाणारा तो लांब उतरता पॅसेज संपून पुढे थोडा चढ होता, चाकांच्या खुर्च्यांसाठी केलेला, अगदी नावापुरता. त्या चढावर मावशीचा ओठ आत गेला. शब्द नाही, हुंकार नाही, फक्त खालचा ओठ दातांखाली. पलंगावरचा पाय बरा होता. चढावरचा नव्हता. पाय तोच.

“एकदा गाडी चालू करा,” मी मेकॅनिकला म्हटलं. “जागच्या जागी जोरात रेस द्या.”

त्याने बूच काढलं, गाडी चालू केली, पाय दाबला. मी नळ्यांकडे बघत नव्हते. आख्ख्या इंजिनाकडे बघत होते. ते कुशीवर वळल्यासारखं एका बाजूला झुकलं आणि परत आलं. “पुन्हा.” पुन्हा झुकलं. चांगलं चार बोटं.

“माउंटिंग बसलंय,” तो उतरून म्हणाला. “ज्या रबरावर इंजिन टेकतं ना, ते. जुन्या गाडीत असतं तसं. त्याने आवाज येतो, जोर नाही जात.”

“इंजिन झुकल्यावर नळी कुठे जाते?”

तो हात पुसत वळला. आत गेला आणि एक लांब लाकडी फळकूट घेऊन आला. बूच परत लावलं, हवा परत भरली. मी खालच्या रबरी नळीच्या वळणाला, जिथे ती टर्बोपासून निघून पोटाखाली जाते, ताजा फेस थापला आणि आरसा धरला. त्याने फळकूट इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये घातलं, पाय रोवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. इंजिन कण्हत झुकलं. आरशात, वळणाच्या खालच्या अंगाला, जिथे एरवी रबर स्वतःवरच मिटून बसलेलं असतं, तिथे एक तोंड उघडलं. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

“सोडा,” मी म्हटलं. त्याने सोडलं. तोंड मिटलं. नळी पुन्हा धडधाकट.

“धरा.” उघडलं.

“आता सोडू की अजून खेळायचंय?” तो घामाघूम झाला होता, पण त्यालाच मोह आवरेना. मला बाजूला करून फळकूट माझ्या हातात दिलं, आरसा घेतला आणि म्हणाला, “टाका वजन. आणखी. मॅडम, जेवत नाही का तुम्ही?” आणि मग आरशात बघून आतून आल्यासारखं म्हणाला, “अरे लबाडा.”

ती चीर बोटाएवढी होती, कडांना तेलाचा काळा ओघळ. बऱ्याच दिवसांची असणार. सपाटीवर कधी तक्रार नाही, कारण सपाटीवर तिला कुणी ताणलंच नव्हतं. मी तिला स्तब्ध करून विचारत होते, आणि स्तब्धतेत तिचं उत्तर खरंच होतं. उरलेला दिवस त्याने दोन्ही भाग मिळवण्यात घातला. नळी त्याच्याच माळ्यावर दुसऱ्या एका गाडीची निघाली, वळण तेच, आणि इंजिनाखालचं रबर शहराच्या दुसऱ्या टोकावरून आलं. मी पाने देत गेले आणि तो घट्ट करत गेला. संध्याकाळी रेल्वेच्या पुलावर पाय दाबला तर सीट पाठीला अशी येऊन टेकली की मी एकटीच गाडीत मोठ्याने काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. शब्द नसावा.

रविवारी सकाळी गाडी चढली. प्रत्येक वळणावर मी कान टवकारून होते आणि प्रत्येक वळणावर ती चढली, आणि जसजशी वर गेले तसतसा माझ्यातला आनंद कमी होत गेला. मनात मी दादाशी बोलत होते. दोष हा होता, इथे होता, या कारणाने होता, बहुतेक नाही, नक्की. माझी सगळी वाक्यं तयार होती आणि त्या सगळ्या वाक्यांमध्ये मावशी कुठेच नव्हती.

औषधांच्या दुकानासमोर दादाने आणलेली मोठी गाडी उभी होती, तिच्या दारातून ड्रायव्हरचे पाय बाहेर आले होते. मी जिना चढून वर गेले. दादा खिडकीशी उभा होता. खोलीच्या मध्यभागी एक फुगलेली बॅग. मावशी खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी, बाहेर जायची साडी नेसून. पायांत चपला होत्या. 

“चढली?” दादाने विचारलं.

“चढली. नळी फाटली होती, फक्त जोर पडला की—”

“आज चढली.”

“गुरुवारीही चढेल.”

“आणि पुढच्या थंडीत? दुसरं काही फाटलं तर?”

“तर तेही शोधेन.”

“अगं, तू शोधशील गं,” दादा म्हणाला, आणि त्याचे डोळे लाल होते हे मला तेव्हा दिसलं. “तू शोधशीलच. तोवर ती इथे एकटी पडलेली असेल त्याचं काय? मला रोज वाटतं की फोन वाजेल. रोज.”

“झालं का तुमचं?” मावशी म्हणाली.

आम्ही दोघे लहानपणीसारखे तिच्याकडे वळलो. मला जे बोलायचं होतं ते सगळं संपलं होतं आणि जे विचारायचं होतं ते तोंडात आलं तेव्हा मलाच त्याचा आवाज अनोळखी वाटला. “मावशी, तुला काय पाहिजे?”

तिने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे, आणि हसायलाच लागली. “अगंबाई, मला विचारतेयस होय? मला वाटलं गाडी काय म्हणते त्यावर आहे. दोन दिवस बसलेय वाट बघत. चढली तर राहायचं, नाही चढली तर निघायचं. म्हणून चपला घालून बसले. कुणीकडून तरी हाक येईल.”

“तसं नाही गं, मावशी,” दादा म्हणाला.

“तसंच आहे रे. मी रागावत नाहीये. तुम्हाला माझ्याकडे आणून ठेवलं तेव्हा मला तरी कुणी विचारलं होतं? आणि मी तरी तुम्हाला कुठे विचारलं? चाललं आपलं.” तिने काठी जमिनीला टेकवली आणि उठली. उठताना मी पुढे झाले तर काठीचं टोक माझ्या पायाशी आलं. “धरू नकोस. दादा, तूसुद्धा. हा जिना मी उतरणार आणि चढणार, माझी मी. जमलं तर राहते. नाही जमलं तर तुझी गाडी खाली आहेच, वर परत यायची गरजच नाही. बॅग तेवढी आणा.”

“हा काय वेडेपणा आहे,” दादा म्हणाला. “पडलीस तर?”

“तर तुझं खरं. आणि तू,” ती माझ्याकडे वळली, “तू तिथे काट्याकडे बघितल्यासारखी उभी राहू नकोस. पुढे हो. माझ्या खाली दोन पायऱ्या राहा. हात लावायचा नाही, पण तिथे राहायचं.”

ती उतरली. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात काठी, आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. उतारावर शहाणी होती. खाली खालचे दुकानाच्या दारात आले होते, हातात कुणाच्या तरी औषधाची बाटली, आणि गिऱ्हाईक त्यांच्या खांद्यावरून बघत होतं. मावशी त्यांना म्हणाली, “काय, तिकीट लावा आता,” आणि मोठ्या गाडीपर्यंत चालत गेली. तिच्या पत्र्यावर हात टेकून उभी राहिली. ड्रायव्हर उठून बसला. इथेच थांबेल, असं मला वाटलं. तिने दार उघडलं असतं तर मी काही बोलले नसते, हे मी स्वतःशी ठरवलं होतं आणि ते ठरवणं या तीन दिवसांत केलेल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं.

मग ती वळली.

चढताना चांगला पाय आधी. व्यायामवालीने शिकवलं होतं तसं. पहिल्या काही पायऱ्या ती बोलत चढली, खालच्यांना काहीतरी बिल काढायला सांगत. मग बोलणं थांबलं. जिना जिथे वळतो तिथे ती थांबली, कपाळ भिंतीला टेकवलं. मी दोन पायऱ्या खाली होते, दादा माझ्या मागे. त्याचा हात माझ्या खांद्यावरून पुढे गेला आणि हवेतच राहिला. मला तिचं तोंड बाजूने दिसत होतं. खालचा ओठ दातांखाली गेला होता. मी बघितलं, आणि या वेळी गप्प राहिले नाही.

“दुखतंय?” मी विचारलं.

“दुखतंय तर,” मावशी म्हणाली. “ओरडून सांगू का?”

“सांग.”

“खूप दुखतंय!” ती जिन्यात ओरडली, एवढ्या मोठ्याने की खालच्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक पायरीवर आलं. आणि ओरडण्यातच तिने पुढचा पाय उचलला. मग काठी. मग दुसरा. कठड्याच्या गजाला धरलेली तिची बोटं पांढरी पडत होती आणि सुटत होती, पांढरी पडत होती आणि सुटत होती. आम्ही दोघे तिच्यामागून एकेक पायरी चढत होतो, तिच्याच चालीने, तिच्याच श्वासाने. शेवटच्या पायरीवर तिने काठी आधी आत फेकली, दाराची चौकट दोन्ही हातांनी पकडली आणि स्वतःला ओढून घेतलं.

खुर्चीवर बसून तिने बराच वेळ नुसता श्वास घेतला. एक चप्पल पायानेच काढली, मग दुसरी.

“दादा,” ती म्हणाली, “बॅग उघड.”

दादा उभा राहिला क्षणभर. मग खाली बसला आणि त्याने चेन ओढली.